इंधनसाठ्याचे अपघात आणि आपला टँक फार्म: काय तपासायचे, कसे तपासायचे

११ डिसेंबर २००५, पहाटेचे तीन वाजून पाच मिनिटे. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ९१२ क्रमांकाच्या टाकीत पाइपलाइनने पेट्रोल येत होते. कंट्रोल रूमच्या पडद्यावर टाकीची पातळी दाखवणारी रेघ चढता चढता थांबली आणि आडवी झाली. पेट्रोल मात्र थांबले नव्हते, अडकले होते ते गेज. त्याच्यावर पहारा म्हणून टाकीच्या माथ्याशी एक स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता. गेज फसले तरी त्याने पुरवठा तोडायचा, एवढेच त्याचे काम. पण त्या स्विचची चाचणीची दांडी योग्य जागी राहण्यासाठी तिला एक लहानसे कुलूप लागायचे. ते कुलूप लावलेलेच नव्हते, त्यामुळे स्विच निकामी होता. साधारण ५ वाजून ३७ मिनिटांनी पेट्रोल टाकीच्या छपरावरून ओसंडू लागले आणि ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. ४३ जण जखमी झाले. रविवारची पहाट होती, आजूबाजूची कार्यालये रिकामी होती, म्हणून कोणाचा जीव गेला नाही.

तपासात पुढे आलेली एक गोष्ट मला स्फोटाहून जास्त अस्वस्थ करते. ते गेज ऑगस्टअखेरपासून त्या रात्रीपर्यंत १४ वेळा अडकले होते. दर वेळी कोणीतरी ते हलवून चालू केले आणि काम पुढे गेले.

इंधनसाठ्याच्या अपघातांचे अहवाल वाचताना हेच पुन्हा पुन्हा सापडते. ज्या वस्तूवर भिस्त होती ती आधीच बंद पडलेली असते आणि तिथल्या कोणाला तरी ते ठाऊकही असते. म्हणून हा लेख अपघातांची यादी नाही. त्या अपघातांच्या आधारे आपल्या टँक फार्मवर (इंधनाच्या टाक्यांच्या आवारात), डेपोत किंवा कारखान्यातल्या डिझेल साठ्यावर काय तपासायचे आणि कोणत्या क्रमाने, ते यात लिहिले आहे.

आधी भिस्तीची यादी करा

एकेक टाकी घ्या आणि एक प्रश्न विचारा: या टाकीतले इंधन आतच राहावे आणि बाहेर आलेच तर पेटू नये, यासाठी आपण कशाकशावर विसंबलो आहोत? गेज, अलार्म, कट-ऑफ स्विच, डिप घेणारा (टेप सोडून हाताने पातळी मोजणारा) माणूस, इनलेटचा व्हॉल्व्ह, डाइकची (टाकीभोवतीच्या बांधाची) भिंत, डाइकचा ड्रेन व्हॉल्व्ह, गॅस डिटेक्टर, अर्थिंग, फायर पंप. सगळे लिहा. मग प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: शेवटची चाचणी कधी झाली, ती कशी केली, कोणी केली, आणि आज ही वस्तू चालू आहे का.

यातला दुसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. पॅनेलवरचे टेस्ट बटण दाबून भोंगा वाजला, तर भोंगा आणि वायर ठीक आहेत एवढेच कळते. टाकीच्या माथ्यावरचा फ्लोट हलतो की नाही, ते कळत नाही. स्विचची खरी चाचणी म्हणजे छपरावर जाऊन फ्लोट किंवा दांडी प्रत्यक्ष उचलणे आणि कंट्रोल रूममध्ये अलार्म आला का, इनलेट व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला का, हे दुसऱ्या माणसाने पाहणे. चाचणी संपल्यावर स्विच मूळ स्थितीत परत आणला का, हे चाचणी न करणाऱ्या तिसऱ्या नजरेने पाहावे. बन्सफील्डला हीच शेवटची नजर कमी पडली.

प्रत्येक उपकरणाच्या पुरवठादाराला एक प्रश्न लेखी विचारा: यातली कोणती लहान गोष्ट राहून गेली तर हे उपकरण चालू दिसेल पण काम करणार नाही? कुलूप, पिन, जंपर (जोडणीची लहान तार), उपकरणाकडे जाणाऱ्या नळीवरचा एखादा व्हॉल्व्ह. उत्तर आले की ते चाचणीच्या चेकलिस्टमध्ये पहिल्या ओळीत घाला. बन्सफील्डच्या त्या कुलपाचे महत्त्व बनवणाऱ्याला माहीत होते, पण बसवणाऱ्यापर्यंत आणि वापरणाऱ्यापर्यंत ते पोचले नव्हते.

'तात्पुरते बंद' यांची वही

जयपूरजवळच्या सीतापुरा इंधन टर्मिनलमध्ये २९ ऑक्टोबर २००९ रोजी झालेल्या अपघातात ११ जण गेले. आग अकरा दिवस धुमसत होती. ज्या टाकीतून पेट्रोल बाहेर आले तिचा मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून आणीबाणीत बंद करण्याची सोय मुळात होती, पण २००३ पासून ती चालत नव्हती, असे अपघाताची चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीच्या तपासात नोंदले गेले. सहा वर्षे! इतक्या काळात बिघाड हा बिघाड राहत नाही, जागेची सवय होऊन जातो. नवीन आलेल्या ऑपरेटरला तर 'इथे असेच असते' हेच शिकवले जाते.

यावर उपाय सोपा आहे, पण त्याला वरिष्ठांची हिंमत लागते. बायपास केलेल्या, काढून ठेवलेल्या किंवा बिघडलेल्या प्रत्येक सुरक्षा उपकरणाची एक वेगळी वही ठेवा. त्यात बंद केल्याची तारीख, तोवरचा पर्याय आणि मुदत लिहा. मुदत दिवसांत असावी, महिन्यांत नको. मुदत संपली आणि उपकरण सुरू झाले नाही, तर त्या टाकीतले भरण थांबते. मुदतवाढ द्यायची असेल तर पाळीच्या अधिकाऱ्याची सही चालणार नाही, जागेच्या प्रमुखाची लागेल. पर्यायही खरा हवा. अलार्म बंद असेल तर 'लक्ष ठेवावे' हा पर्याय नाही. 'दर पंधरा मिनिटांनी हाताने डिप घेऊन नोंद करावी, त्यासाठी एक माणूस फक्त याच कामावर' हा पर्याय आहे.

एकच बिघाड महिन्यात दुसऱ्यांदा आला तर त्याला दुरुस्ती म्हणू नका, तपास म्हणा. बन्सफील्डला गेज १४ वेळा अडकेपर्यंत वाट पाहायची गरज नव्हती. तिसऱ्या वेळीच ते टाकीवरून उतरवायला हवे होते.

टाकी भरण्याचे गणित

ओव्हरफ्लो हा इंधनसाठ्यातला सर्वांत ओळखीचा अपघात आहे आणि तो टाळण्याचे गणित शाळेतले आहे. तरी ते मांडलेले क्वचित दिसते, म्हणून इथे सविस्तर देतो.

समजा टाकीचा व्यास २४ मीटर आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे ४५२ चौरस मीटर. पाइपलाइनने ताशी ६०० घनमीटर पेट्रोल येत असेल तर पातळी तासाला साधारण १.३३ मीटर, म्हणजे मिनिटाला २.२ सेंटिमीटर चढते. आता अलार्म वाजल्यापासून भरण खरोखर थांबेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा, अंदाजाने सांगू नका. एखाद्या शांत दुपारी घड्याळ लावून बघा. ऑपरेटर अलार्म वाचतो, खात्री करतो, पाठवणाऱ्या स्टेशनला फोन करतो, तिकडचा माणूस फोन उचलतो, पंप थांबवतो, मोठा व्हॉल्व्ह हळूहळू बंद होतो. यात ३० मिनिटे गेली, तर पातळी ६६ सेंटिमीटर चढलेली असेल. म्हणजे अलार्म आणि ओसंडण्याची पातळी यांच्यात किमान तेवढी जागा हवी, आणि वर थोडी राखीव.

आता पाठवणाऱ्याने प्रवाह वाढवून ताशी ९०० घनमीटर केला असे धरा. पातळी मिनिटाला ३.३ सेंटिमीटर चढू लागते आणि त्याच ३० मिनिटांना जवळजवळ एक मीटर लागतो. कालची सुरक्षित जागा आज अपुरी पडते. बन्सफील्डला त्या रात्री नेमके हेच झाले. सुरुवातीला ताशी ५५० घनमीटर असलेला प्रवाह शेवटी ८९० च्या आसपास गेला होता. म्हणून अलार्मची पातळी ठरवताना त्या लाइनवर येऊ शकणारा जास्तीत जास्त प्रवाह धरा. प्रवाह बदलण्याआधी घेणाऱ्याची परवानगी लागेल, असा करार पाठवणाऱ्याशी लेखी करून ठेवा. शक्य असेल तिथे भरण थांबवण्याची कळ घेणाऱ्याच्या हातात असावी. पलीकडच्या फोनवर विसंबणे ही शेवटची सोय.

भरताना दर तासाला दोन आकडे जुळवा: पाठवणाऱ्याने पाठवलेले आणि टाकीत चढलेले. गेजची रेघ आडवी झाली आणि पलीकडे मीटर फिरतो आहे, तर भरण ताबडतोब थांबवा, कारण नंतर शोधता येईल. गेजच्या पडद्यावर 'भरण चालू आहे पण पातळी बदलत नाही' असा अलार्म लावता येतो. तो लावून घ्या. उलट दिशेचाही लावा, म्हणजे भरण किंवा उपसा चालू नसताना पातळी उतरते आहे असा. अमेरिकेत टेक्सासमधल्या डिअर पार्क इथे १७ मार्च २०१९ रोजी नॅफ्थ्याच्या (पेट्रोलसारख्या हलक्या तेलाच्या) टाकीच्या पंपाचे सील फुटले आणि सुमारे अर्धा तास गळती चालू राहिली. टाकीतला साठा कमी होत असल्याचे कंट्रोल रूमच्या यंत्रणेत दिसत होते, पण त्यासाठी अलार्म लावलेला नव्हता. तिथे गॅस डिटेक्टर नव्हते आणि दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्हही नव्हते. आग तीन दिवस चालली.

आणि गेज बंद असताना डोक्यातल्या हिशेबावर टाकी भरू नका. पोर्तो रिको बेटावर बायामोन इथे २३ ऑक्टोबर २००९ रोजी, म्हणजे जयपूरच्या सहाच दिवस आधी, जहाजातून पेट्रोल उतरवले जात होते. पातळी मोजण्याची संगणकीय यंत्रणा बिघडलेली होती, म्हणून टाकी कधी भरेल याची वेळ हाताने काढली गेली. टाकी त्याआधीच भरली. २६ मिनिटे पेट्रोल ओसंडत राहिले आणि पुढच्या स्फोटानंतरच्या आगीत ४८ पैकी १७ टाक्या जळाल्या.

पाळी बदलताना

अपघातांच्या वेळा बघा. रात्री, पहाटे, पाळीच्या कडेला, सुट्टीच्या दिवशी. बन्सफील्डच्या सुपरवायझरांना एकाच वेळी अनेक पाइपलाइनींकडे बघावे लागे, आणि पाळी सोपवण्याच्या कागदावर सगळ्या लाइनींचे चित्र येत नव्हते. जाणारा माणूस थकलेला असतो, येणारा अजून जागचा हलायचा असतो.

पाळी सोपवण्याचा कागद एका पानाचा असू द्या, पण त्यात हे नक्की असावे: कोणती टाकी भरते आहे, आत्ताची पातळी किती, प्रवाह किती, कोणत्या वेळी थांबवायची, आणि 'तात्पुरते बंद' वहीतली उघडी कलमे कोणती. जाणारा आणि येणारा दोघांनी पडद्यासमोर उभे राहून हे बोलून घ्यावे आणि मगच सह्या कराव्यात. भरण संपण्याची वेळ पाळी बदलाच्या अर्ध्या तासात पडत असेल तर भरणाची वेळच बदला. खाते कुरकुर करेल, करू द्या.

पाळीत किती माणसे हवीत, हा प्रश्न रोजच्या कामावरून नव्हे, आणीबाणीवरून ठरवा. एक माणूस बेशुद्ध पडला, एक त्याला ओढून काढतो आहे, तर व्हॉल्व्ह बंद करायला आणि शेजारच्यांना कळवायला कोण उरते? जयपूरला हाच प्रश्न प्राणघातक ठरला.

लाइन जोडताना आणि व्हॉल्व्ह उघडताना

जयपूरला पेट्रोल शेजारच्या कंपनीला पाठवायची तयारी चालली होती. टाकीच्या लाइनवर हॅमर ब्लाइंड नावाचे, चकतीने लाइन बंद-चालू करणारे उपकरण होते. यात आतली चकती फिरवताना वरचे तोंड उघडे राहते. हे काम करताना टाकीकडचा व्हॉल्व्ह बंदच हवा. पण तो उघडा होता आणि त्या तोंडातून पेट्रोलचा फवारा उसळला. काम करणारा वाफेने गुदमरला, मदतीला धावलेलाही कोसळला. श्वसनयंत्र लावून पुढे जाणारा कोणी नव्हता आणि दुरून व्हॉल्व्ह बंद होत नव्हता. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले, मग स्फोट झाला.

यातून तीन कामे निघतात. पहिले म्हणजे असे उघड्या तोंडाचे ब्लाइंड काढून त्या जागी दोन व्हॉल्व्ह आणि मधली गळती दाखवणारी सोय बसवा. समितीने हॅमर ब्लाइंड वापरातून काढायलाच सांगितले होते. दुसरे, लाइन जोडण्याचा क्रम कागदावर पायरीपायरीने लिहा. प्रत्येक पायरीला एक जण व्हॉल्व्हवर हात ठेवून वाचेल आणि दुसरा खूण करेल. पडद्यावर 'बंद' दिसणे पुरेसे नाही, जागेवर जाऊन व्हॉल्व्हचा दर्शक बघा. तिसरे, जिथे लाइन उघडली जाते त्या जागेपासून सुरक्षित अंतरावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला (वारा जिथून येतो तिकडे), दुसरा माणूस श्वसनयंत्र तयार ठेवून उभा असावा. त्याने आत धावायचे नाही. आधी टाकी बंद करायची, मग माणूस काढायचा. हे ऐकायला क्रूर वाटते, पण उलट क्रमाने दोन जीव जातात.

क्रमाचे महत्त्व सांगणारा जुना अपघात फ्रान्समधल्या फेझां इथला. ४ जानेवारी १९६६ रोजी प्रोपेनच्या गोल टाकीच्या तळाचे पाणी काढले जात होते. तिथे एकामागे एक दोन व्हॉल्व्ह होते. अशा वेळी आधी टाकीकडचा वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि धार खालच्याने आवरायची. तिथे उलट झाले. अडकलेला बर्फासारखा गोळा सुटला, प्रोपेन धडाडून बाहेर आला, व्हॉल्व्ह गोठला आणि बंद होईना. वायूचा ढग रस्त्यापर्यंत गेला, एका मोटारीपाशी पेटला आणि दीडेक तासाने टाकी फुटली. १८ जण गेले. तुमच्याकडे एलपीजीच्या टाकीचे पाणी काढले जात असेल, तर आजच जाऊन दोन्ही व्हॉल्व्हवर १ आणि २ असे आकडे रंगवा आणि त्यांच्यातले अंतर पुरेसे आहे का ते पाहा. पुरेसे अंतर असेल तर खालचा गोठला तरी वरचा मोकळा राहतो.

वाफ दिसते तेव्हा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत सरपटते, गटारात शिरते, खड्ड्यात साठते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ टक्के झाले की ती पेटू शकते. वारा नसलेल्या थंड पहाटे ओसंडणारे पेट्रोल बारीक थेंबांत फुटते आणि पांढरे धुके दिसते. बन्सफील्डच्या कॅमेऱ्यांत हे धुके डाइकबाहेर पसरताना टिपले गेले आहे. असे धुके दिसले तर ते हवामान समजू नका.

त्या क्षणी गाडी सुरू करायची नाही, बंद करायची नाही, दिवा लावायचा नाही, विझवायचाही नाही. बन्सफील्डला बहुधा फायर पंप सुरू होतानाच ठिणगी पडली, असे तपासात म्हटले आहे. यावरून तुमचा फायर पंप कुठे आहे ते नकाशावर बघा. वाफ जाईल त्या उतारावर असेल तर त्याची मोटर आणि स्टार्टर ज्वालारोधक (ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या) प्रकारचे आहेत का, किंवा पंपघर हलवता येईल का, हे ठरवा. सुरक्षारक्षकाची केबिन, कँटीन, लॉरी उभ्या राहण्याची जागा यांनाही हीच फूटपट्टी लावा.

गॅस डिटेक्टर खाली लावा, पंपांजवळ आणि डाइकच्या सखल कोपऱ्यात. अलार्म आला की इनलेट व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. आधी कोणीतरी जाऊन बघून यायचे, ही पद्धत चुकीची आहे. बघून येणारा माणूस त्या ढगात पाय टाकतो.

डाइक आणि तिचा एक व्हॉल्व्ह

टाकीभोवतीचा बांध, म्हणजे डाइक, ही शेवटून दुसरी भिस्त. आतल्या सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के इंधन मावेल एवढी तिची क्षमता असावी, असा बऱ्याच ठिकाणी चालणारा नियम आहे. पण आगीच्या वेळी त्यात इंधनाबरोबर फोम आणि पाण्याचे डोंगर पडतात. बन्सफील्डला बांधाचे सांधे आणि पाइप जाण्याच्या भोकांतून दूषित पाणी बाहेर पडले आणि भूजलापर्यंत गेले. म्हणून सांधे, भोकांभोवतीचे सील आणि भिंतीचे तडे वर्षातून एकदा तरी पावसाळ्याआधी बघावेत, पाणी साठवून तपासावेत.

आता तो व्हॉल्व्ह. डाइकमधले पावसाचे पाणी काढायला एक ड्रेन व्हॉल्व्ह असतो आणि तो नेहमी बंद हवा. पावसाळ्यात रोज कोण उघडणार आणि बंद करणार, म्हणून तो उघडाच राहतो. बायामोनलाही डाइकचा व्हॉल्व्ह उघडा राहिल्याने पेट्रोल बाहेर पसरले. एका जागी मी स्वतः एका व्हॉल्व्हवर 'बंद' अशी लाल पाटी लटकलेली पाहिली होती. चाक हाताने फिरवून पाहिले तर ते बंद होईपर्यंत सव्वा सहा फेरे गेले. पाटी खरी मानणारा प्रत्येक जण त्याआधी तिच्या समोरून गेला होता. मीसुद्धा दोनदा गेलो होतो.

व्हॉल्व्ह डाइकच्या बाहेरच्या बाजूला असावा, कारण आग लागल्यावर आत जाऊन तो बंद करता येत नाही. त्याला कुलूप असावे आणि किल्ली पाळीच्या अधिकाऱ्याकडे. पाणी काढायचे तर माणूस तिथेच उभा राहील, पाण्यावर तेलाची झाक आहे का बघेल आणि व्हॉल्व्ह बंद करूनच परतेल. वहीत 'उघडला' आणि 'बंद केला' या दोन वेळा वेगळ्या नोंदवा.

डिप घेताना

अर्धा डझन स्वयंचलित उपकरणे असली तरी हाताने डिप घेणारा माणूस अजून टिकून आहे, आणि त्याची काळजी घेणारी पाने चेकलिस्टमध्ये फार थोडी असतात. भरण थांबल्याबरोबर टाकीच्या तोंडातून पितळी वजनाची टेप खाली सोडू नका. वाहताना इंधनावर स्थिर वीज जमते आणि ती विरायला वेळ लागतो. मोठ्या टाकीत भरण थांबल्यावर किमान ३० मिनिटे थांबा. वर चढल्यावर आधी टाकीच्या धातूला हात लावा, टेप टाकीला जोडलेली ठेवा, नायलॉनचा दोर वापरू नका. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही. इंधनाची खूण दाखवणारी पेस्ट लावलेल्या टेपवर जिथे रेघ कापली जाते तो आकडा दोनदा वाचा. दोन वाचनांत मिलिमीटरभराहून जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा घ्या.

स्थिर वीजेचा मोठा अपघात अमेरिकेतल्या ग्लेनपूल इथे ७ एप्रिल २००३ रोजी झाला. आधी पेट्रोल असलेल्या टाकीत डिझेल सोडले गेले. तरंगते छप्पर (इंधनाच्या पातळीबरोबर वरखाली होणारे) खाली पायांवर टेकलेले होते, आत पेट्रोलची वाफ होती आणि डिझेल वेगाने येत होते. ठिणगी पडली. डिझेल 'सुरक्षित' इंधन म्हणून दुर्लक्षित होते ते इथेच. आधी पेट्रोल असलेल्या टाकीत, टँकरमध्ये किंवा कप्प्यात डिझेल घ्यायचे असेल तर सुरुवातीचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. इनलेटचे तोंड बुडेपर्यंत आणि तरंगते छप्पर असेल तर ते तरंगेपर्यंत वेग वाढवू नका.

टाकीचे शरीर आणि वरचे आभाळ

गंज, वेल्डिंग आणि पाया यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण हे काम निरीक्षकांचे आहे, पण कागद मागायचे काम तुमचे. पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे २ जानेवारी १९८८ रोजी दुसरीकडून आणून पुन्हा उभारलेली सुमारे चाळीस वर्षांची टाकी पहिल्यांदा पूर्ण भरली आणि थंडीत फाटली. पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून तिची चाचणी झालेली नव्हती. डिझेलची लाट बांध ओलांडून मोनोंगाहेला नदीत गेली. रशियातल्या नॉरिल्स्कमध्ये २९ मे २०२० रोजी टाकीखालचे आधार खचले आणि सुमारे २१,००० टन डिझेल बाहेर पडले. जुनी टाकी विकत घेऊन उभारली असेल, दुरुस्ती करून परत वापरात आणली असेल किंवा जमीन खचते असे वाटत असेल, तर पाण्याच्या चाचणीचा आणि पायाच्या मोजमापाचा कागद दाखवल्याशिवाय इंधन घेऊ नका.

वीज पडणे टाळता येत नाही. मुंबईच्या जवाहर द्वीपावर ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि क्यूबातल्या मातान्सास इथे ५ ऑगस्ट २०२२ रोजी विजेने टाकी पेटली. मातान्सासला आग शेजारच्या टाक्यांवर गेली. वादळ येताना भरण, डिप आणि छपरावरची कामे थांबवा, छपराच्या सीलचे आणि अर्थिंगचे मोजमाप वादळाच्या हंगामाआधी करा.

आग लागल्यावर

आराखडा छापील पुस्तकात असतो, पण पहिल्या पंधरा मिनिटांचे काम एका पानावर मावते. पुरवठा बंद, सायरन, माणसे वाऱ्याच्या वरच्या बाजूला, डोकी मोजणे, अग्निशमन दलाला फोन, शेजाऱ्यांना निरोप. हे पान भिंतीवर चिकटवा आणि वर्षातून किमान दोनदा रात्री, न सांगता त्याची ड्रिल करा.

कच्चे तेल किंवा जड फर्नेस ऑइल पेटले असेल तर एक धोका वेगळा सांगायला हवा. वरचे तेल जळताना उष्णता हळूहळू खाली उतरते. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर उष्णता तिथे पोचताच ते वाफेत बदलते. पाण्याची वाफ मूळ आकारमानाच्या सुमारे १७०० पट होते, म्हणून सगळे जळते तेल बाहेर उसळते. व्हेनेझुएलातल्या टाकोआ वीजकेंद्रात १९ डिसेंबर १९८२ रोजी आग शांतपणे जळत असल्यासारखी दिसत होती, लोक जवळ उभे होते. पहिल्या स्फोटानंतर सहा तासांनी तेल उसळले. दीडशेहून अधिक जण गेले, त्यांत अनेक अग्निशमन जवान होते. अशा टाकीच्या तळाचे पाणी नियमित काढा, आणि आग लागली तर टाकी किती तास शांत दिसते आहे यावर विसंबून लोकांना परत बोलावू नका.

शेजाराबद्दलही लिहायलाच हवे. मेक्सिको सिटीजवळ सान हुआनिको इथे १९ नोव्हेंबर १९८४ रोजी एलपीजी केंद्रात एकामागून एक टाक्या फुटल्या आणि ५०० हून अधिक माणसे गेली, कारण घरे कुंपणाजवळ होती. विशाखापट्टणमच्या रिफायनरीत १४ सप्टेंबर १९९७ रोजी एलपीजीच्या गळतीनंतर सुमारे ६० जणांचा जीव गेला. कुंपणाबाहेर काय उभे राहते आहे, ते दर सहा महिन्यांनी चालत जाऊन बघा आणि फोटो काढून नकाशावर जोडा. नवे घर, टपरी, शाळा, वाहनतळ दिसले की नियोजन प्राधिकरणाला लेखी कळवा आणि पत्राची पोच ठेवा. त्या लोकांना सायरनचा अर्थ सांगा: कुठल्या आवाजाला घरात बसायचे, कुठल्याला निघायचे, आणि गाडी सुरू न करता चालत निघायचे.

सुरुवात कुठून करायची

सगळे एका आठवड्यात होत नाही. उद्या सकाळी जमेल ते असे: पावसाचे पाणी काढणारे सगळे डाइक व्हॉल्व्ह हाताने फिरवून बघा. मग 'तात्पुरते बंद' वही उघडा. नसेल तर ऑपरेटरांना एकत्र बसवा, चहा मागवा आणि विचारा, 'इथे काय चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे पण आम्हाला नाही?' पहिल्या दहा मिनिटांत कोणी बोलणार नाही. वाट बघा. मग एक जण एखाद्या अडकणाऱ्या गेजचे नाव घेईल. ते लगेच लिहून घ्या, त्याच्यासमोर तारीख टाका आणि त्या टाकीत पुढचे भरण सुरू होण्याआधी ते गेज उतरवून दुरुस्तीला पाठवा.